चुन्याची निवळी आणि पोवळ्याचे घर

माझा एक भाचा सुरतेला बमरोलीत राहतो. कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. बमरोली म्हणजे उधना-पांडेसराच्या शेजारची वस्ती. माग, रंगाई, छपाई, दिवसरात्र चालणारे कारखाने. रस्त्यावर गुजरातीइतकीच मराठी कानावर पडते, पण ती धुळे-जळगाव-नंदुरबारकडची. गोव्याची हेल काढून बोलणारा तिथे आमचा हा एकटाच असावा.

एका रविवारी रात्री त्याचा फोन आला. "मामा, उदक दुदासारकें जालां!"

पाणी म्हणजे त्याच्या टाकीतले पाणी. दिवाणखान्यात चार फुटी काचेच्या टाकीत त्याने समुद्र मांडला आहे. दोन-चार मासे, गोगलगायी, बशीसारखे पसरणारे मऊ प्रवाळ आणि दगडांवर गुलाबी साय धरल्यासारखे एक शेवाळ. परदेशी पुस्तकात वाचून त्याने टाकीत चुना घातला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या सवयीने पाणी तपासले, तर पाण्यातले कॅल्शियम आधीपेक्षा कमी भरले. चुना घातला आणि चुना कमी झाला! तो चक्रावला, आणि मामाला इतिहासाचे वेड आहे म्हणून त्याने मामाला विचारले. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण पोवळे आणि चुना हे दोन शब्द कानावर पडल्यावर कुठल्या गोंयकाराला गप्प बसवेल?

आपल्या किनाऱ्याला चुना नवा नाही. शिंपले-कालवांची टरफले भट्टीत भाजून चुना करायचा, तो पाण्यात विझवायचा, आणि त्यानेच घरे, देवळे, इगर्जी पांढऱ्याशुभ्र करायच्या, ही रीत अगदी परवापरवापर्यंत होती. विड्याच्या पानाला चुना, आणि पोटदुखीवर आजीची चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचे नितळ पाणी तेवढे काढून घ्यायचे. शाळेतही ही निवळी भेटायची. तिच्यात नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून खडूसारखा साका तयार करतो. हे मास्तर करून दाखवत. फुंकर घालतच राहिले तर ती पुन्हा नितळ होते, हे दाखवण्याआधी बहुधा तास संपलेला असायचा. प्रवाळाची टाकी सांभाळण्याची सगळी विद्या या दोन फुंकरींमध्ये आहे म्हटले तरी चालेल.

पण आधी पोवळे.

पोवळे म्हणजे मंगळाचे रत्न, नवरत्नांतले एक. कोकणी आणि कानडी घरांतल्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर ते हटकून असते. पण हे लाल पोवळे आपल्या समुद्रातले नाही. ते भूमध्य समुद्रातले, पार इटली आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून येणारे. सतराव्या शतकात सुरत ही त्याची मोठी पेठ होती. इंग्रजांची वखार तिथे १६१२-१३ मध्ये झाली, तेव्हा त्यांच्यापुढे पेच होता की या देशात विकायचे काय? विलायती लोकरी कापड इथल्या उकाड्यात कोण घेणार? ज्या थोड्या जिनसांना गिऱ्हाईक होते त्यांत पोवळे होते. त्यावरून तंटाही झाला. तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरातून पोवळे आणणे हा सुरतेच्या व्यापाऱ्यांचा जुना धंदा होता. १६१८-१९च्या सुमारास इंग्रजांनी पोवळे आणू नये असा त्यांनी सुरतेच्या अंमलदारांकडे आग्रह धरला. पुढे वीरजी व्होरा इंग्रजांकडून पोवळे घाऊक उचलू लागला. हा तोच वीरजी व्होरा, १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्याचा वाडा फोडला गेला.

गोव्याची कथा त्याहून नवलाची. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्व्हेरा नावाची एक ज्यू पेढी होती. १७०४ ते १७४६ अशी चाळीसेक वर्षे ती चालली. ही पेढी पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवी, आणि गोव्यातले सारस्वत व्यापारी त्याच्या बदल्यात हिरे धाडीत. फ्रान्चेस्का त्रिव्हेलातो यांनी २००९ साली या पेढीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा व्यवहार उलगडला आहे. आता गंमत पाहा. त्या काळी गोव्यात इन्क्विझिशन बसलेले. लिव्होर्नोच्या ज्यूने गोव्यात पाऊल ठेवायची सोय नव्हती. मधले लिस्बनचे अडते ख्रिस्ती, आणि इकडचे कामत मंडळी हिंदू. एकमेकांना कधी न पाहिलेली ही माणसे नुसत्या पत्रांच्या भरवशावर लाल मणी आणि पांढरे हिरे समुद्रापार धाडत होती. जहाज जाऊन यायला वर्ष-दोन वर्षे लागत. आपण मात्र इन्क्विझिशनचा इतिहास वाचतो तो फक्त होळ्यांचा.

यांतल्या एकालाही माहीत नव्हते की आपण विकतो ते एका प्राण्याचे हाड आहे. पोवळे ही समुद्रातली वनस्पती, पाण्याबाहेर काढली की दगड होते, असा समज हजारो वर्षे होता. १७०६च्या सुमारास मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात काचेच्या भांड्यात ठेवले. थोड्या वेळाने त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली! फुले आली म्हणजे झाडच, असे त्याने जाहीर केले. १७२०च्या दशकात मार्सेयचा डॉक्टर पेसोनेल याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तोच प्रयोग केला. त्याने पाहिले की ही 'फुले' धक्का लागला की मिटतात आणि पाणी निवांत झाले की उघडतात. हे जीव आहेत, त्याने कळवले. पॅरिसच्या विद्वत्सभेत रेओम्यूरने १७२७ मध्ये हे मत मांडले खरे, पण ते खोडून काढण्यासाठी, आणि बिचाऱ्याची नाचक्की होऊ नये म्हणून पेसोनेलचे नावच गाळले. पुढे वीसेक वर्षांत रेओम्यूरलाच चूक कबूल करावी लागली. म्हणजे लिव्होर्नोची पेढी गोव्याला पोवळ्याच्या पेट्या धाडत होती त्याच वर्षांत, एका भांडेभर समुद्राच्या पाण्याने पोवळ्याची जात ठरवली.

भांड्यात प्रवाळ दोन दिवस दाखवणे वेगळे, वर्षानुवर्षे जगवणे वेगळे. हे पहिल्यांदा साधले ॲना थिन या इंग्रज बाईंना. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना छोटे कठीण प्रवाळ दिसले. दगडी बरणीत घालून त्यांनी ते लंडनला घरी आणले. बरणीत प्रवाळ कलंडू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने एका स्पंजाला टाचले. सुरुवातीला किनाऱ्यावरून ताजे पाणी मागवत. तो पुरवठा थांबला तेव्हा मोलकरणीकडून रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतवून घेतले, हवा खेळावी म्हणून. (आज जे काम पंप करतो ते त्या मोलकरणीने केले. तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.) पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातले, आणि पाणी टिकू लागले. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले, त्यांना पिलेही झाली. हे सगळे बाईंनी १८५९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापले.

तोवर श्रेय दुसऱ्यांकडे गेले होते. फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये निघाले आणि विलायतेत घराघरांत टाक्या आल्या. त्याच साली गॉसने समुद्राचे पाणी घरी बनवण्याची कृती दिली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड. समुद्रात चुन्याचे क्षारही असतात हे त्याला ठाऊक होते. पण त्यांचे प्रमाण इतके किरकोळ की गाळले तरी चालतील, असे त्याने ठरवले. लिटरभर समुद्राच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ-क्षार, आणि त्यात कॅल्शियम जेमतेम चारशे मिलिग्रॅम. कुणालाही किरकोळच वाटेल. पण प्रवाळाचे सगळे घर त्याच चिमूटभर ऐवजावर उभे राहते.

आणखी एक गोष्ट झाली. टाक्या भरण्यासाठी लोक किनाऱ्यावर तुटून पडले, आणि काही वर्षांत इंग्लंडच्या खडकांतली डबकी ओसाड पडली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आत्मकथनात याची खंत लिहून ठेवली आहे. बापाच्या पुस्तकानेच हे घडवले याची जाणीव ठेवून.

उष्ण समुद्रातले प्रवाळ घरी जगवण्याची किल्ली शंभर वर्षांनी सापडली, तीही विलायतेत नव्हे. जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये लिहिले की फार गाळण्या-यंत्रे नकोत. समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत जीवजंतू राहतात असे दगड, टाकीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, उजेड द्या. दगडांतले जंतू घाण पचवतात. पण एवढ्याने प्रवाळ जगत, वाढत नसत. वाढीसाठी चुना हवा, आणि तो त्यांनी पाण्यातून ओढून घेतला की भरून कसा काढायचा? १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स याने जर्मन वाचकांना उपाय सांगितला, आणि त्याचा जर्मन शब्द आज जगभरचे छांदिष्ट वापरतात: काल्कवासर. शब्दशः चुन्याचे पाणी. आमच्या आजीची निवळी!

आता भाच्याच्या टाकीकडे येऊ. प्रवाळ आपले हाड बांधतो ते कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडून. पाण्यात हे दोन्ही हवेत. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. दुसऱ्या भागाच्या मोजमापाला छंदी लोक 'अल्कलिनिटी' म्हणतात, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्रात ती जर्मन मापाने सातच्या आसपास असते, टाकीत आठ-नऊ ठेवतात. तिसरा भिडू मॅग्नेशियम, १३००च्या आसपास. तो कॅल्शियम-कार्बोनेटला आपसात घाईने चिकटू देत नाही. हे तिघे आपापल्या जागी राहिले तरच पाणी 'बसलेले' राहते. आकडा नेमका कोणता यापेक्षा तो रोज तोच आहे की नाही हे प्रवाळाला जास्त कळते. आज आठ आणि उद्या अकरा झाले की तो अंग आखडून घेतो.

निवळीची खुबी अशी की तिच्यातून हे दोन्ही भाग प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात मिळतात. पण तिचा सामू बारावर असतो, समुद्राचा आठच्या थोडा वर. म्हणून ती रात्री थेंबथेंब सोडायची, वाफेने उडालेल्या पाण्याच्या जागी. भाच्याने काय केले? बाजारचा चुना ढवळून गाळासकट वाटीभर एकदम ओतला. सामू एकदम चढला, पाण्यातले कार्बोनेट कॅल्शियमशी जुळून खडूचा साका झाले, आणि जाताना आधीपासून विरघळलेला चुनाही सोबत घेऊन गेले. शाळेतल्या पहिल्या फुंकरीसारखेच. दुसरी फुंकरही या छंदात कामाला येते. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड प्रवाळाच्या जुन्या खड्यांवरून सोडला की ते पुन्हा विरघळून पाण्यात उतरतात. त्याचे यंत्र मिळते, पण महाग.

मुळातली चूक वेगळीच होती. ते पुस्तक परदेशातल्या, कठीण प्रवाळांनी गच्च भरलेल्या टाक्यांसाठी लिहिलेले. भाच्याकडे कठीण प्रवाळ एकही नाही, आणि असूही नये. २००१ साली भारताने सगळे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघाच्या पंक्तीत. ते किनाऱ्यावरून उचलणे, विकणे हा गुन्हा आहे. त्याच्या टाकीत चुना लागतो तो गुलाबी शेवाळाला, गोगलगायींना आणि मऊ प्रवाळांच्या अंगातल्या बारीक कणांना. म्हणजे थोडासा. खर्च मोजल्याशिवाय भरणा करू नये, हे वाण्यालाही कळते. मी त्याला एवढेच म्हटले, "बाळा, आधी आठवडाभर नुसते मोजून लिहून ठेव." आता तो चुना बंद करून खाण्याचा सोडा वापरतो, मोजून, तोही अल्कलिनिटी उतरली तरच. सोड्याशी त्याची जुनी ओळख आहे. कापडाच्या कारखान्यात सोडा ॲशची पोती रोजचीच.

पाण्याबाबतीत मात्र तो नशीबवान गावात राहतो असे मी म्हणतो, त्याला हसू येते. टाकीला बोअरचे किंवा नळाचे पाणी चालत नाही. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, तांब्याचा अंश सगळे प्रवाळाच्या मुळावर येतात. फॉस्फेट तर चुन्याचे बांधकामच अडवते. म्हणून आरओचे पाणी घ्यायचे आणि त्यात समुद्री मिठाची पूड कालवायची. आणि याच बमरोलीत सुरत महापालिकेने २०१४ साली रोज चार कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू केला. गावाचे गटाराचे पाणी प्रक्रिया होऊन येते, ते पुढे वाळू, बारीक पडदे, आरओ आणि कोळशातून काढून पांडेसराच्या रंगाई-छपाई कारखान्यांना विकतात. रंगाच्या हौदाला स्वच्छ पाणी लागते, कारण क्षार कमी-जास्त झाले की कापडाच्या एका ताग्याचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. भाचा दिवसभर त्या पाण्याची परीक्षा घेतो आणि रात्री घरच्या टाकीची.

गुजरातच्या समुद्राचीही हीच गोष्ट मोठ्या मापाने घडली. कच्छच्या आखातात प्रवाळ खडक आहेत. त्यांच्यावरची चुन्याची वाळू सिमेंटसाठी कित्येक वर्षे उपसली गेली. आमच्या भट्टीने शिंपले खाल्ले, तसे त्यांच्या कारखान्यांनी खडक. १९८२ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, देशातले पहिले. फांद्यांचे प्रवाळ त्या आखातातून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. अलीकडे प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी वनखात्याच्या मदतीने ते पुन्हा लावून दाखवले. जानेवारी २०२० मध्ये मिठापूरजवळ समुद्रात लोखंडी सांगाडा सोडला आणि त्यातून सौर पत्र्यांवरचा मंद विद्युतप्रवाह नेला. प्रवाहाने सांगाड्याभोवतीच्या पाण्याचा सामू चढतो आणि समुद्रातला चुना आपसूक त्यावर बसतो. मग त्यावर प्रवाळाचे तुकडे बांधतात. भाच्याच्या टाकीत जो अपघात झाला, तोच इथे मुद्दाम आणि सावकाश घडवतात.

आमच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचेही नाव याच वर्षी प्रवाळामुळे पेपरात आले. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीला प्रवाळाच्या अठरा लहान वसाहती आढळल्या. एवढ्याशा, सगळ्या मिळून एका पाटावर मावतील अशा. पण कायदा वाघाचा, त्यामुळे वनखात्याची परवानगी काढून, संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरीकडे हलवल्या. तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली होती, हजारो कोटींचा रस्ता आणि अठरा खडे! मला थट्टा करवली नाही. मुंबईच्या त्या गढूळ, मैलापाणी मिसळलेल्या पाण्यात ते इतकी वर्षे आपले घर बांधत होते आणि आपल्याला पत्ताही नव्हता. मुरगावसमोरच्या ग्रांद बेटाभोवती आमचेही प्रवाळ आहेत. तिथे पर्यटकांना बुडी मारायला नेणाऱ्या होड्या रोज नांगर टाकतात. नांगर कशावर पडतो ते वरून दिसत नाही.

भाच्याचे पाणी तीन दिवसांत नितळ झाले. दगडांवर पांढरी धूळ बसली होती ती गोगलगायींनी हळूहळू चाटून काढली. मऊ प्रवाळ आठवडाभर मिटून होते, मग एकेक उघडले. आता तो दर रविवारी मला आकडे पाठवतो: ८.१, ८.०, ८.१. चवथीला पाच दिवस घरी यायचे आहे, पण त्या पाच दिवसांत उडालेले पाणी रोज कोण भरणार हा प्रश्न आहे. शेजारी एक जळगावचे काका आहेत. त्यांना दाखवायला त्याने काचेवर खुणेची पट्टी चिकटवली आहे, आणि आरओच्या पाण्याचे पाच डबे भरून ओळीने मांडून ठेवले आहेत.